माठ

अमळनेरला दगडी दरवाज्याच्या अलीकडे
आमचं मेडिकल.
औषध घेणारे कमी, विचारणारेच जास्त.

ताई, हाई गोयी जेवाना पहिले का मांगे?
रातनं भरीत सकायले चालई का?
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि ती डबा उघडून माझ्याच नाकाशी धरते.
दुसरी कुणी बहिणीसाठी म्हणून विचारते
आणि हात ठेवते स्वतःच्या ओटीपोटावर.
डॉक्टरला विचारा म्हटलं की हसतात.
तिथे तोंड उघडेपर्यंत
पुढचा नंबर पुकारलेला असतो.

बेटावदचा झिपरू आप्पा
बायकोचं इन्शुलिन न्यायला यायचा.
पहिल्या दिवशीच काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला,
फ्रीज नही मन्हाकडे. कसामा ठेवू?
मी सांगितलं :
कोरा माठ घ्या, तळाशी ओली वाळू,
बाटली डब्यात, डबा वाळूवर,
वरून ओलं फडकं. सावलीत.
त्याने ते पाठ केलं,
दोनदा म्हणून दाखवलं,
वाळू आधी का डबा आधी, यावर अडला.

मग दर महिन्याला नवं काही.
गजराले आंबा चालई का?
अर्धा?
कोय चोखी ते?
कोयीचं मला कुणी शिकवलं नव्हतं.
चोखू द्या, म्हटलं.

पोळ्यानंतर आला तेव्हा
टोपी हातात होती.
पिशवीतून दोन बाटल्या काढल्या,
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, अजून गार.
शीलबंद शेतस. कोना कामले येतीन का?

नियम मला पाठ आहे.
घरी गेलेलं इन्शुलिन परत घ्यायचं नाही,
दुसऱ्याला द्यायचं नाही.
तो नियम मी आप्पाला सांगितला,
बिलाच्या आवाजात.
बरं, म्हणाला.
बाटल्या मी ठेवून घेतल्या, टाकायच्या म्हणून.
फडकं त्याने घडी करून खिशात घातलं.

मागे तिघं उभे होते,
एकाचं पोर ओरडत होतं.
आप्पा पायरी उतरला, परत चढला.
ताई,
त्या माठमा आते पानी भरं
ते चालई ना?

चालतं, म्हटलं.
आणि मग, कशी कुणास ठाऊक,
वाळू काढून आधी नीट धुवा,
असंही म्हणाले.