डावी सीट

कुताइसीत माझं गॅरेज, पुलापलीकडं, टायरवाल्या मलखाझच्या मागं.
उशांगी आला तेव्हा मी अजून चहासुद्धा ठेवला नव्हता.
डेलिका अठ्ठ्याण्णवची, जपानहून बोटीनं आलेली,
चावी फिरवली की आत एक बाई जपानीत काहीतरी बजावते.
तिचं म्हणणं काय ते आजवर कुणाला कळलं नाही,
आणि तिनंही बजावायचं सोडलं नाही.

आमच्याकडं रस्ता उजव्या बाजूचा
आणि हिचं स्टिअरिंगही उजवीकडं;
म्हणजे चालवणारा बसतो गटाराला लागून
आणि समोरून येणारं सगळं
दिसतं शेजारच्याला.

शेजारी त्सिउरी. सोळा वर्षं.
ट्रकमागं अडकले की ती खिडकीतून मान काढते,
म्हणते, त्सादी. म्हणजे जा.
किंवा मोइत्सादे. थांब, दम धर.
या दोन शब्दांवर रिकोटीचा घाट,
चीजच्या टोपल्या, तिबिलिसीचा बाजार,
पोरीचं लग्न, पोराचे दात.
घरात अबोला असायचा तेव्हाही
एवढे दोन शब्द तिनं अडवून धरले नाहीत.

तर उशांगीनं बाकावर खोकं ठेवलं:
दोन रडार, दोन दिवे, एक पिपाणी,
वायरींचं भेंडोळं, आणि एक पुस्तिका
जिचा रशियन अनुवाद कुणी पेंगताना केला असावा.
"मागून येणाऱ्याकडे आदराने बघावे," असं लिहिलं होतं.
मी म्हटलं, तुला कशाला हे?
तुझा आरसा तर बोलतो.
त्यानं मिठाची गुळणी धरली.

बंपर उतरवला. आत घाटाची माती, वाळकं पान,
कुठल्या तरी जपानी दुकानाचं अर्धं स्टिकर.
रडार चिकटवले, जमिनीपासून दोन वीत वर,
वायर मागच्या रबरातून आत घेतली,
इंडिकेटरला जोड दिला, दोनदा चुकीच्या तारेला.
दुसऱ्यांदा वायपर चालू झाला
आणि त्सिउरी एकदाच हसली.

मग तिला म्हटलं, बाई, गाडीमागून चालत या,
डाव्या अंगानं, सावकाश.
ती आली.
खांबावरचा दिवा लाल झाला.
ती आरशातून निसटली तरी लाल.
पुढच्या दारापाशी आली तसा विझला.
"एवढंच?" ती म्हणाली.
"एवढंच," मी म्हटलं, "पुढं तुम्ही दिसताच की."

"आणि पुढचं? ट्रकच्या पलीकडचं?"
पुढचं नाही दिसत, बाई. हे मागचं यंत्र.
तिनं त्या लाल टिकलीकडं पाहिलं,
लहान पोरानं पाढा चुकवल्यावर बघतात तसं.
मग पाकिटातून नोटा मोजल्या. त्याच पाकिटात
विमानाचं तिकीट होतं. गुरुवार, बारी.
तिथल्या कुणाची तरी आई,
उठवायची, पुसायची, भरवायची, कुशीवर वळवायची.
दोन वर्षं म्हणतात. दोन वर्षं सगळेच म्हणतात.

उशांगी गाडीत जाऊन बसला होता.
ती काचेपाशी वाकून म्हणाली,
घाटात कुणाला ओलांडायचं नाही.
तो म्हणाला, चीज उतरतं, उन्हाचं.
उतरू दे, ती म्हणाली.

नोव्हेंबरात तो परत आला, पिपाणी बंद करायला.
कठडा दिसला तरी ओरडते, म्हणाला,
पाऊस पडला तरी ओरडते,
शहाण्या माणसानं इतकं बोलू नये.
दिवा राहू दे.
डाव्या सीटवर अक्रोडांचं पोतं, पट्ट्यानं बांधलेलं,
कारण पट्टा नसला की गाडी टिवटिव करते.

घाट कसा आहे? मी विचारलं.
"सिमेंटचा ट्रक," तो म्हणाला. "पाऊण तास.
चढ संपेस्तोवर त्याच्याच मागं."
आणि डोळे मिटून, एकही अक्षर न चुकता,
त्यानं मला त्या ट्रकचा नंबर म्हणून दाखवला.