तपकिरी मेंढी

क्राउनपॉइंटच्या शाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली
शुक्रवारी रात्री लिलाव चालायचा.
मी तेविशीतली. पेट्रोलपुरते पैसे,
वर चाळीस डॉलर.

एक गालिचा मध्येच रंग बदलत होता:
काळपट तपकिरी, आणि एका ओळीपासून
पातळ चहासारखा.
त्यावर कुणी बोली लावेना.

विणणारी मागे भिंतीशी, डेझबा यॅझी,
मांडीवर रिकामी पिशवी.
मी विचारलं. तिची मुलगी नावाहो ऐकून म्हणाली,
"तपकिरी मेंढी त्या हिवाळ्यात गेली, म्हणते."
एवढंच.

पुढे चाळीस वर्षं खोल्या रचल्या.
बँका, एक दवाखाना, टूसॉनचं ते हॉटेल
जिथे मालक ओरडला होता, सोफे कुठायत?
आधी गालिचा पसरायचा,
अनवाणी चालून बघायचं,
मग खिडकी कुठे ते ठरायचं.
घरात आता एकोणसाठ. पावसाळी हवेत
सगळे मिळून मेंढरांचा वास सोडतात.

आज स्वयंपाकघराची भिंत निम्मी झाली
आणि डबा संपला.
ती छटा कंपनीने बंद केलीय.
हिलारियो शिडीवरूनच म्हणाला,
"सगळी खरवडू, बाई?"

नको.
दुसरा डबा उघड.
जिथे संपला तिथूनच लाव.