तिसरा खडक

ओहोटी पहाटे चारची. तिरुआचं पाणी
हाडं मोजत बुटात शिरतं.
मी खडकावर चौकट ठेवते, अर्धा मीटर बाय अर्धा,
कोचायुयोचे देठ मोजते: सात. नऊ. तीन.

एर्मेलिंदा मोजत नाही.
त्या जाड, निसरड्या पट्ट्यावर तळवा टेकवते,
समुद्राला हळूच काही विचारते,
मग विळा चालवते. किंवा नाही चालवत.
"हे अजून पोर आहे. राहू दे."
माझ्या तक्त्यात 'पोर' असा रकाना नव्हता.
आता आहे.

असे तीन हिवाळे.
तिचा नातू नेकुल चौकट माझ्याहून घट्ट धरतो
आणि माझ्या मापुदुंगुनला अजून हसतो.

काल रात्री, नकाशा छापायला जायच्या आधी,
कणीक मळता मळता तिने कागद ओढला,
तिसऱ्या खडकावर बोट ठेवलं.
तिथे सगळ्यात दाट वाढ,
माझा सगळ्यात देखणा आकडा.
"हा नको दाखवूस. कळलं की ट्रक येतात."

मी बराच वेळ खोडरबर शोधत राहिले,
ते खिशातच होतं.

आकडा ठेवला. जागा पुसली.
तिथे आता पिठाचा ठसा आहे,
अक्षांश नसलेला.