तपशिलाचा रकाना

बोहरी आळीत ताहेरभाई कुलपं विकतात.
सात लिव्हरची, नऊ लिव्हरची, शटरची जाड.
गिऱ्हाइकाला बजावतात, किल्ली हरवली तर
माझ्याकडे येऊ नका, मलाही उघडत नाही.
आणि त्यांच्याच काँप्युटरचा पासवर्ड
मॉनिटरच्या कपाळावर चिकटपट्टीनं डकवलेला:
ताहेर एक दोन तीन.

माझा घोटा मोडला गणपतीच्या आधी आठ दिवस,
धायरी फाट्यावर, बसमधून उतरताना.
बस थांबलेली होती. हे मी सहसा सांगत नाही.
आत दोन स्क्रू.
ताहेरभाईंनी फोनवर पहिलं विचारलं, स्टेनलेसचे का?
मग जरा थांबून,
जीएसटीचं कसं करायचं?

एका कंपनीचं कोटेशन आलं. वर्षाला अठरा हजार, अधिक कर.
त्यांनी कागद उलटा केला
आणि पाठकोऱ्या बाजूला बिजागऱ्यांचा हिशेब मांडला.

मग तपकीर गल्लीतला निहार ढमढेरे आला,
खांद्याला सॅक, तोंडात बडीशेप.
आधी त्यानं नखानं चिकटपट्टी खरवडली.
म्हणाला, बाहेरच्या बाजूला दारच ठेवायचं नाही.
दार दिसलं की कुणीतरी हलवून बघतंच,
रात्रभर, कुठल्या कुठल्या देशांतून.
आपण आतून बोगदा काढू. तोंडं दोनच,
एक इथं, एक मॅडमच्या लॅपटॉपवर.
आपल्याला बोगदा, चोराला कात्रजचा घाट.
ताहेरभाई हसले. लगेच गंभीर:
बोगद्याचे किती?
एवढ्या दोन मशिनला फुकट.
फुकट म्हटल्यावर त्यांचा विश्वासच उडाला.
यूपीएसची बॅटरी बावीसशे, माझे सातशे,
असं ऐकलं तेव्हा कुठं परत बसला.

परवलीला चार शब्द हवेत, तो म्हणाला,
एकमेकांशी काही नातं नसलेले.
तीन त्यांना पटकन सुचले.
चौथ्यासाठी डोळे मिटून बसले, चहा निवेपर्यंत.
चारही मला ठाऊक आहेत.
शिवाय फोनवर सहा आकडे,
अर्ध्या मिनिटात शिळे होणारे.
असलं कुलूप मी ठेवलं, ताहेरभाई म्हणाले,
तर गिऱ्हाईक मला मारील.

आता पाय उशीवर, लॅपटॉप पोटावर,
रात्री दहानंतर मी दुकानात असते.
शटर बंद. खिळ्यांची पोती, तेलाचा वास,
भिंतीवरचं कॅलेंडर, यातलं काही येत नाही बोगद्यातून.
येतो फक्त पडदा, किंचित उशिरा,
आणि त्यावर माझा बाण,
तिकडच्या अंधारात कुणी न धरलेल्या माउसचा.

एका मंगळवारी व्हाउचर तीनशे बारा भरत होते,
दोन इंची खिळे, चाळीस किलो.
बाण हातातून निसटला.
मी डावीकडे ओढते, तो उजवीकडे.
छाती धडधडली. ढमढेरेचा नंबर शोधायला लागले.
तेवढ्यात तपशिलाच्या रकान्यात
एकेक अक्षर उमटायला लागलं,
मध्ये एवढा वेळ
की एका बोटानं लिहिणारा माणूस ओळखू यावा.
इंग्रजी अक्षरं, मराठी बोलणं:
जेवलीस का

साडेअकरा वाजले होते.
त्यांची बायको मुलीकडे कुवेतला,
हे मला माहीत होतं.
ते दुकानातच बसतात एवढ्या उशिरापर्यंत,
हे नव्हतं.

मी उत्तर लिहायला गेले
आणि बोटांनी सवयीनं एंट्री सेव्ह केली.
मग बराच वेळ पडद्यावर काही हललं नाही.
दुकानातला दिवा मला इथून दिसत नाही.
पण थोड्या वेळानं बाण परत
माझा एकटीचा झाला.

मार्चअखेर सीएकडचा पोरगा विचारत होता,
मॅडम, तीनशे बाराच्या तपशिलात हे काय आहे?
मी म्हटलं, बिल जोडलंय ना? रक्कम बघ.
रक्कम जुळतेय, म्हणाला,
आणि तीनशे तेरावर गेला.