मोठ्यांदा माप

राजारामपुरीत एका काचेआड
उभी असते पुतळी,
तिला डोकं नाही, पोटही नाही.
अंगावर जांभळी कुर्ती, गळ्याशी आरसे,
आणि पाठीमागं कुर्ती आवळून धरणारे चार चिमटे.
पतसंस्थेत जाताना कडेच्या काचेतून
रोज मला ते चिमटे दिसतात.

एका शनिवारी आत गेले.
विशीतली पोरगी, मोबाईलमधून मान न काढता म्हणाली,
"काकू, तुमच्यात नाही येणार."
तुमच्यात म्हणजे कुणात?
मी तर एकटीच उभी होते.
मग तिनं कोपऱ्यातला गठ्ठा सोडला:
मातकट, राखाडी, भिंतीला ओल आल्यासारखा निळा.
गळे बंद. बाह्या कोपराच्या खाली.
लेबलावर तीन फुल्या,
शाळेत चुकलेल्या गणितावर असायच्या तशा.
किंमत सतराशे.
"कापड जास्त लागतं ना."
पडदा डावीकडं ओढला की उजवीकडं उघडं पडायचं.
फ्री साइज म्हणे. कुणाला फ्री, कोण जाणे.

माझा बापूसोमामा तालमीतला गडी.
त्याच्या सदऱ्याला चार वार कापड लागायचं
आणि शिंपी ते पेठभर सांगत फिरायचा.
चहाच्या गाड्यावर लोक त्याचा दंड चाचपून बघायचे,
"काय माप हाय!" म्हणायचे,
वर त्याच्या चहाचे पैसेही कुणी घ्यायचं नाही.
तीच हाडं माझ्यात उतरली,
तोच दंड.
त्यावर दोन बाळंतपणं, एक ऑपरेशन,
गेल्या दिवाळीपासून थांबलेली पाळी.
मला मात्र सांगतात, उभ्या रेघा घाल,
गडद घाल, वरून ओढणी घे.

गांधीनगरला के.एम.टी.नं गेले.
कटपीसच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला
तेव्हा लागला हातास हा पिवळा,
हळद कुटल्यावर बोटांना राहतो तसा.
इचलकरंजीचा लॉट, शेवटचं टोक, तीन मीटर.
तीनशे वीस सांगितले, दोनशे नव्वदला सोडला.

जैबुनभाभीचं मशीन सोमवार पेठेत जिन्याखाली.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
टेप टाकते आणि ओरडून सांगते,
सून आतून वहीत लिहिते:
"छाती सेहेचाळीस! कंबर चव्वेचाळीस! सीट बावन्न!"
रस्त्यावरचा भाजीवाला ऐकतोय,
आणि मी पोट आत ओढून उभी.
भाभीनं टेपचं टोक पोटावर मारलं.
"श्वास सोडा ओ बाई.
असं धरून शिवलं तर जेवणार कवा?"

सोडला.
कंबर सत्तेचाळीस निघाली. तीही ओरडून.

"दंड साडेसतरा!"
मामाचा अठरा होता.
"बाही किती ठेवू?"
"बिनबाहीचा," कुणीतरी म्हणालं,
आणि जिन्याखाली आम्ही दोघीच होतो.
भाभीनं चष्मा वर केला, खाली केला.
"गळा?"
"खोल."
"आणि खिसा?"
"दोन करा. खरे. हात जाईल असे."
शिलाई तीनशे.
"मंगळवारी येतो मी," म्हणाले,
आणि त्याआधी सोमवारीच गेले.

"आत दोन इंच दाबून ठेवल्यात,
लागलं तर उसवा.
नाही लागलं तर राहू देत, खात नाहीत काही."

वार्षिक सभेला घातला.
चेअरमन आधी अहवालाकडं, मग दंडाकडं, मग छताकडं बघून बोलले.
खिशात एका बाजूला किल्ल्या, दुसऱ्या बाजूला शेंगदाणे.
लाभांश मंजूर झाला.
चहाच्या वेळी कॅशची सुशीला घोरपडे
हात धुवायच्या निमित्तानं जवळ आली,
नळ मोठा सोडून कानात म्हणाली,
"कुठनं शिवलीस गं? माझ्या मापाचं...
म्हणजे... शिवत्यात का त्या?"

मी नळ बंद केला.
"शिवत्यात की.
सोमवार पेठ, जिन्याखाली.
पण तुझं माप तिथं
भाजीवाल्यालाही कळणार, बघ."

सुशीला ओल्या हातांनी उभी राहिली जराशी,
मग हसली.
"कळू दे," म्हणाली,
तेही हळूच,
पण नळ बंद होता.