चौदावा रकाना

मेन रोडच्या छापखान्यातून येणाऱ्या खतावणीत
चौदावा रकाना असतोच : व्याज.
छापखान्याला काय, एकच साचा
पेठेतल्या सगळ्यांना पुरतो.
इनायत कोकणी दर नव्या वहीला पट्टी लावून
त्या शब्दावर लाल रेघ मारतात, पानामागून पान,
आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घालतात.

मी गेले तेव्हा माझ्याकडे होती
बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली, विद्यापीठाचं पत्र,
आणि फोनवर, आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटविषयी :
व्याजदर वाढल्याने आपला कालावधी
चौदा महिन्यांनी वाढला आहे. धन्यवाद.

दूध बाजारामागे, अरुंद जिन्यावर पतपेढी.
खाली नानकटाईची भट्टी, म्हणून
इथल्या प्रत्येक पासबुकाला तुपाचा वास.

"सेवाशुल्क शेकडा किती?"
"शेकडा नाही हो. कागद, वीज, माझा पगार.
पाच हजाराला जेवढं, पन्नास हजाराला तेवढंच.
कर्ज मोठं म्हणून शाई जास्त लागते का?"
मी लिहून घेतलं. तळटीप मात्र सापडेना.

मग पान उलटलं.
रेघ मारलेला रकाना रिकामा नव्हता.
उजवीकडून लिहायची सवय असलेल्या हाताचं
बारीक, मागे झुकलेलं मराठी :

मधुकर तांबट. दोन हप्ते राहिले. कल्हई करताना हात भाजला. विचारू नये.
शमशाद मणियार. पेटीतल्या अर्ध्या बांगड्या फुटून आल्या. ईदनंतर.
गुलाब अत्तार. सुरतेला गेला. जामिनाने भरले.
जामीन अजून कुणाशी बोलत नाही.

संगणकात मी तेरा रकाने भरले.
चौदाव्याला कोड नव्हता.
सर म्हणाले, परिशिष्टात टाक.

दोनशे बारावी मैमूना पिंजारी, वडाळ्याची.
भुवयांत कापूस.
प्रश्न एकतीस : याआधी कर्ज कुठून घेतलं?
"बायकांच्या गटातून. दर मंगळवारी सतरंजीवर बसायचं.
एकीचा हप्ता आला नाही तर बाकी नऊजणींनी उठायचं नाही.
माझ्यापायी एकदा रात्रीचे आठ वाजले.
कुणाचं पोर तापलेलं, कुणाचा नवरा दारात उभा.
कर्ज फिटलं, बाई.
शेजारही फिटला."

"मग इथे?"
"इथे व्याज नाही. पण जामीन दोन लागतात.
एक भावजय आहे. दुसरा कुठून आणू?"
ती थांबली. माझ्या पेनाकडे पाहिलं.
"तुम्हाला महिन्याचे पैसे मिळतात ना?"

बेचाळीस प्रश्नांत
तिने विचारायच्या प्रश्नाला जागा ठेवली नव्हती मी.
संशोधकाने अंतर राखावे :
प्रकरण तिसरे, पान अठ्ठेचाळीस, माझंच वाक्य.
व्याज का नको, यावर मी कपाटभर वाचलं होतं;
बिनव्याजी पैसाही ओळखीचंच दार ठोठावतो
आणि ओळख उसनी मिळत नाही,
हे कुठल्याच तक्त्यात आलं नव्हतं.

खाली भट्टीचा पत्रा खरखरला.
इनायतचाचांनी पेन पुढे केलं नाही.
मागेही घेतलं नाही.

प्रबंधात नमुना आता दोनशे अकरा.
एक उत्तरदाती वगळली. कारण : हितसंबंध.
पिंजायच्या मोटारीचे अठरा हजार,
महिन्याला नऊशे, वीस महिने.
ऑगस्टचा हप्ता चुकला;
दमट हवेत कापूस उलगडत नाही, हे मला तेव्हा कळलं.
पेढीतून फोन आला नाही,
तरी रात्रभर उशाशी फोन घेऊन जागी होते,
जामिनांचा जो होतो तो जीव होऊन.

मौखिकी झाल्यावर पेढे घेऊन जिना चढले.
चाचा चष्मा शोधत होते, वही उघडीच.
मैमूनाच्या ओळीवर, लाल रेघेखाली,
ते मागे झुकलेलं अक्षर :

जामीन ज्योत्स्ना गायधनी.
प्रश्न विचारायला आली होती.