बारानंतर काही नाही

ग्लेनिसने पिशवीतून अस्वल काढलं,
कापडाचं, एक कान उसवलेला,
पोटात खरंखुरं बटण.
झाकण उघडतं, नळी अडकते, टक् असा आवाज होतो.
"याला अजून नाव नाही, लव्ह," ती म्हणाली.
शाल्मलीने त्याला उलटंपालटं केलं
आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ढेरपोट्या."
ग्लेनिसला ते म्हणता येईना. तीनदा प्रयत्न केला तिने.
तिसऱ्यांदा शाल्मली हसली,
हसण्यामागून खोकला आला,
आणि आम्ही दोघी थांबलो, तो जाईपर्यंत.

सहा वर्षं, साडेपंधरा किलो.
तक्त्यावरची सगळ्यात खालची रेघ
आणि तिच्याही खाली आमचे ठिपके.
काय काय नाही घातलं मी तिच्या ताटात:
वरणात तूप, तुपावर तूप,
शिऱ्यात डबल क्रीम, पोह्यांवर किसलेलं चेडर,
घासाआधी कॅप्सूल, घासामागे गोष्ट,
गार पोळीसमोर पाऊण पाऊण तास.
अंगीच लागत नाही गं तिच्या, मिरजेहून मावशी म्हणते,
जणू अन्न म्हणजे रंग आणि मुलगी ओली भिंत.
"ते सिस्टिक का काय असेना, मीठमोहरी ओवाळून टाक."
मावशी, तिच्या कपाळाचा पापा घेतला
की माझे ओठ खारट होतात.
मीठ तर तीच आहे. आणखी किती ओवाळू?

तिला कसं सांगायचं, याची तालीम मी बसमध्ये केली,
हडर्सफील्डच्या चढावर, काचेवरच्या वाफेत
बोटाने गोल काढत.
बघ, तुला एक बेंबी आहेच.
तिथूनच मी तुला जेवू घालायचे,
अंधारात, तू झोपेत असताना.
ताट नव्हतं, वाटी नव्हती,
कुणी "आ कर" म्हणत नव्हतं.
आता ही दुसरी. रात्री पंप गुरगुरेल, तू नुसतं झोपायचंस.
सांगता सांगता माझाच गळा भरून आला.
तिने सगळं नीट ऐकून घेतलं.
मग विचारलं,
"पण कोलांटी उडी मारली तर दूध सांडेल का?"

नाही सांडत.
आम्ही ढेरपोट्याला सोफ्यावरून
एकवीस कोलांट्या मारायला लावल्या.

ग्लेनिस म्हणाली, येताना शाळेचा स्कर्ट घालून या,
पट्टा कुठे बसतो ते बघू, बटणाला काचायला नको.
शाल्मलीने स्वतःच बॉलपेनने खूण करून ठेवली,
डाव्या बरगडीखाली, पाच पाकळ्यांचं फूल.
"डॉक्टरांना सांग, इथे."
आंघोळीत ते पुसू नये म्हणून
तिने पोट पाण्याबाहेर धरलं,
मीही तेवढी जागा सोडून साबण लावला.

हेरंबने फ्रिजवर कागद चिकटवला:
बारानंतर काही नाही.
तिने तो वाचला. पुन्हा वाचला.
"म्हणजे उद्या नाश्ता नाही? दूध पण नाही?
तू विचारणार पण नाहीस?"
नाही विचारणार.
टाळ्या वाजवत ती जिना चढून गेली.
मी खालीच उभी,
हातात तिची वाटी,
धुतलेली, पुसलेली, पुन्हा पुसलेली.

पहाटे साडेपाच. एम बासष्टवर ओले दिवे,
दोन्ही बाजूंची शेतं अजून काळी.
मागच्या सीटवर ढेरपोट्याचं झाकण
टक्, टक्.
लीड्स नऊ मैल.
"आई," ती म्हणते,
"मला भूक लागलीय."

हेरंब आरशात बघतो.
सहा वर्षांत हे वाक्य
आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही.
माझ्या पर्समध्ये, सवयीने टाकलेलं,
एक केळं आहे.
मी चेन लावून घेते.